भाकरीची घडी

जाहीर नोटीस. तमाम नागरिकांस, नातेवाइकांस आणि विशेषतः सिडकोत मैद्याला नाकं मुरडत हिंडणाऱ्या माझ्या मैत्रिणींस कळविण्यात येते की, जालना रोडवरून आत वळल्यावर तिसऱ्या गल्लीत, निंबाच्या झाडाखाली जे आरोग्यवर्धक वस्तूंचे दुकान आहे, त्या दुकानाशी माझा आजपासून कसलाही संबंध उरलेला नाही. माझ्या शिफारशीवरून तेथे कोणी गेल्यास व तेथील काही आणून खाल्ल्यास त्याच्या पोटास मी जबाबदार राहणार नाही. कोणाची हरकत असल्यास ती माझ्या घरी येऊन तोंडी घ्यावी. चहा मिळेल. साखरेचाच मिळेल.

ही नोटीस मी खरोखर लिहिली. चांगल्या अक्षरात, समास सोडून. पेपरच्या कचेरीत द्यायला निघालेही होते. नवऱ्यानं स्कूटीची किल्ली लपवली आणि म्हणाला, "आधी जेव. उपाशीपोटी नोटीस देऊ नये." जेवल्यावर राग उतरतो असा त्याचा समज आहे. माझा राग जेवल्यावर ताजातवाना होतो.

राग एवढा, कारण प्रेम तेवढं होतं. लहानपणी आई वर्षाच्या काळ्या मसाल्याचं सामान आणायला गुलमंडीला निघाली की मी तिच्या पुढे. बरोबरीच्या मुली बांगड्यांच्या दुकानापुढे रेंगाळायच्या, मी मसाल्याच्या दुकानापुढे. दगडफूल हातात घेऊन मी नाकाशी धरायचे. ओल्या भिंतीला घासलेल्या उदबत्तीसारखा वास. नागकेशराचा वेगळा, चक्रीफुलाचा वेगळा, आणि सगळ्या पोत्यांची तोंडं उघडी असली की तिसराच. दुकानदार आईला म्हणायचा, "बाई, पोरगी सामान नेणार का नुसता वासच नेणार?" आई म्हणायची, "वासाचे पैसे लावू नका म्हणजे झालं."

तेव्हापासूनची ही खोड. पन्नाशी गाठली तरी साडीचं दुकान दिसलं तर मी पुढे जाते, पण काचेच्या बरणीत काहीतरी बारीक, काळं, अनोळखी बी दिसलं की माझे पाय थांबतात. त्यामुळे सिडकोत निंबाच्या झाडाखाली ते दुकान उघडलं तेव्हा आमच्या गल्लीतली पहिली गिऱ्हाईक मी. आत गेले आणि बाहेर आले ती दीड तासानं.

काय नव्हतं त्या दुकानात. लाकडी घाण्याचं करडईचं तेल. राळा, वरई, नाचणी, काळा तांदूळ. अंबाडीच्या वाळवलेल्या बोंडांची लाल पूड. आमची आई जे जवस आणि कारळ उखळात कुटून चटणी करायची आणि वाटीभर शेजारी द्यायची, तेच जवस आणि कारळ इथं बुचाच्या बरणीत राजासारखे बसलेले. मालक चाळिशीचा, पांढऱ्या खादीच्या सदऱ्यातला, आवाज असा की देवळात बोलतोय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "मॅडम". काउंटरवर बांबूची एक पेटी, तिच्यावर लिहिलेलं: तुमचे मत आम्हाला मोलाचे. मत देण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

मी त्या दुकानाची बिनपगारी दवंडीवाली झाले. भिशीत सांगितलं, योगवर्गात सांगितलं, एका बारशात तर बाळाच्या आत्याला बाजूला घेऊन राळ्याच्या खिरीची कृती सांगितली. एका आरोग्य-प्रदर्शनातून मी घरघंटीसुद्धा घेतली होती, घरच्या घरी ताजं पीठ दळायला. पण दुकानातलं पीठ इतक्या देखण्या पाकिटात यायचं की घरघंटी कधी सुरू करावीशीच वाटली नाही. तिच्यावर विणलेला रुमाल टाकला आणि रुमालावर मनीप्लँट ठेवला. हा मनीप्लँट लक्षात ठेवा. त्याच्याकडे बघून मी नंतर फार चिडले.

आता माझा भाऊ.

माझा धाकटा भाऊ शेंद्र्याला कारखान्यात आहे. काम उभ्याचं, आठ तास मशीनपुढं. आमचं मूळ गाव देवगाव रंगारीकडचं, म्हणजे अंगापिंडानं तो मजबूत. आणि त्याचं या पृथ्वीवर एकच व्यसन: रविवारी शहागंजाकडे जाऊन नान-कलिया खाणं. ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, तंदुरातून निघालेला पिवळसर, चकचकीत, ताटाएवढा मऊ नान आणि हंड्यातल्या मटणाचा लालभडक रस्सा. भाऊ तो नान असा तोडायचा जसं कुणी पत्र उघडतं.

मग त्याचं वजन उतरायला लागलं. पोट बिघडायचं ते आठ-आठ दिवस थांबायचं नाही. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला, मग दुसरं, मग त्यानं खिळ्यानं नवं भोक पाडलं. मशीनपुढं दोनदा चक्कर आली. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की याच्या आतड्याला गहू चालत नाही. आज नाही आणि कधीच नाही. पोळी, पाव, रवा, मैदा, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा पोटात गेला तर आतून पुन्हा सोलपटून निघेल.

भाऊ एवढंच म्हणाला, "नान?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नान कशाचा करतात?"

भावानं पट्टा कमरेवर वर ओढला. मी मात्र मनातून, आता खोटं कशाला बोलू, उजळून निघाले. भावाच्या दुखण्याचं वाईट वाटलं, पण त्याच क्षणी मला माझ्या दुकानाची आठवण झाली. माझ्या आयुष्यभराच्या खोडीला शेवटी काम मिळालं होतं. बाहेर आल्या आल्या मी त्याच्याकडून नान सोडल्याचं वचन घेतलं आणि जाहीर केलं, "पिठाचं मी बघते. कोणी मधे पडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत आलेली भावजय म्हणाली, "वन्सं, ज्वारी तर घरात आहे. तुमच्या गल्लीतल्या गिरणीतनं दळून आणते की."

"गिरणीत?" मी म्हणाले. "तिथं गहू हवेत उडतो. त्या गिरणीवाल्याच्या भुवया बघितल्यास का कधी? त्याच्या भुवयांची पोळी होईल."

हे मी गिरणीच्या दारात उभी राहून म्हणाले, आणि गिरणीवाल्यानं ते ऐकलं. त्यानं नुसत्या भुवया पुसल्या. त्याची गिरणी माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. तिथं रांगेचा एक कायदा आहे, तो कोणी लिहिलेला नाही. आपला नंबर आला की आधी विचारायचं, "कशावर चाललंय?" ज्वारीच्या मागे ज्वारी टाकायची, गव्हाच्या मागे गहू. उपासाचं असेल तर तो दगड झाडून घेतो आणि पहिलं पीठ बाजूला काढतो. हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्या भुवयांवर गेले, कारण माझ्या पिशवीत दुकानातलं पाकीट होतं, आणि त्याच्यावर हिरव्या पानाखाली ठळक छापलेलं होतं: शुद्ध ज्वारी, गहूविरहित.

दर शनिवारी मी चार पाकिटं भावाकडे पोचवायची. पहिला महिना झकास गेला. त्याचं पोट थांबलं, चेहऱ्यावर तेज आलं. फक्त भाकरी मोडायची. भावजय माहेरून पोळीवाली, तिच्या हाताला भाकरीची सवय नाही. परातीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे तीन तुकडे, तव्यावर पाच. पिठात विरी नसली की असं होतं. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, ज्याच्या जोरावर भाकरी थापता येते. ज्वारी जुनी झाली किंवा पीठ शिळं झालं की ती जाते. भावजय रडकुंडीला आली. मी तडक दुकानात गेले आणि चारचौघांत मालकाला म्हणाले, "तुमच्या पिठाला विरी नाही. ही भाकरी आहे का पापडाचा चुरा?" शिवाय बांबूच्या पेटीत चिठ्ठी टाकली.

पुढच्या खेपेचं पीठ बघण्यासारखं होतं. भावजयीची भाकरी गोल, पातळ, टम्म फुगलेली. मी दुकानात जाऊन मालकाचं कौतुक केलं आणि पेटीत दुसरी चिठ्ठी टाकली. तक्रार करायची आणि कौतुक करायचं नाही हे मला पटत नाही.

आणि भाऊ पुन्हा घसरला.

आधी वाटलं, बाहेरचं पाणी प्यायला असेल. मग पट्ट्याचं भोक आत गेलं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, "कुठून तरी गहू जातोय. घरातून नसेल तर बाहेरून."

बाहेरून. एवढा एक शब्द पुरला. सगळ्या घराच्या डोळ्यांपुढं एकच पिवळा, चकचकीत, ताटाएवढा गोल पदार्थ उभा राहिला.

त्या दिवशी भावाच्या घरी मी जे बोलले ते आठवलं की आजही माझे कान तापतात. भाऊ पलंगावर भिंतीला टेकून बसलेला. मी पुढं उभी.

"रविवारी कुठं जातोस?"

"शहागंजाला."

"कशाला?"

"कलिया खायला. कलियात गहू नाय, अक्का. विचारून घेतलंय."

"आणि कलिया कशाशी खातोस? चमच्यानं?"

"भाकरी नेतो."

मी हसले. भावजयीकडे बघून हसले, म्हणजे तिलाही त्या हसण्यात ओढलं. "हा म्हणे भाकरी नेतो. शहागंजात बसून, समोर तंदूर पेटलेला, आणि हा घरची भाकरी खातो. एवढा साधू तू कधी झालास?"

"व्हय, खातो."

"मग गहू काय वाऱ्यानं येतो?"

"मला काय माहीत. मी डॉक्टर हाय का?"

"तुला पोरं आहेत," मी म्हणाले. "तुला जिभेपुढं तीही दिसेनात."

तो उठला. उठताना भिंत धरली. दारापाशी जाऊन म्हणाला, "अक्का, मी लहानपणी गुळाच्या ढेपेला भोक पाडलं होतं, ते तू अजून सांगतीस. ते मी केलं होतं. हे नाय केलं." आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलेना. शनिवारी मी पाकिटं घेऊन गेले की तो गच्चीवर. भावजय त्याच्या डब्याचा वास घेऊ लागली, खिसे बघू लागली. आणि तो महिन्यागणिक बारीक होत चालला. कारखान्यात साहेबांनी सांगितलं होतं, उभं राहता येत नसेल तर बघावं लागेल.

मला राग कशाचा होता सांगते. मी इतकं चांगलं पीठ आणते, निवडून आणते, पाकिटावरचा शब्द न् शब्द वाचून आणते, आणि हा तिथं जाऊन नान खातो. माझ्या प्रेमाचा अपमान. मी त्याच्या आतड्याचा विचार करत होते असं मला वाटत होतं. खरं तर मी माझ्या पाकिटांचा विचार करत होते.

एका रविवारी मी त्याचा पाठलाग केला. मोठ्या थाटात केला. आमच्या शहरात उन्हाच्या निमित्तानं बायका स्कूटीवर तोंडाला असा स्कार्फ गुंडाळतात की नवराही ओळखणार नाही. फक्त डोळे उघडे. मी त्यावर गॉगल लावला. दुपारी बाराच्या सुमाराला भाऊ निघाला, मी मागे. गल्लीच्या तोंडाशी स्कूटी लावली, आणि तो आत जाऊन बसल्यावर पाच मिनिटं मुद्दाम थांबले. मला त्याला तोंडात नान असताना पकडायचं होतं.

आत गेले. लांब बाकं, भिंतीला धूर लागलेला, दारातच हंडा. भाऊ सगळ्यात टोकाच्या बाकावर, तंदुराकडे पाठ करून, एकटा. त्याच्यापुढं त्याच्या घरचं स्टीलचं ताट. ते मी ओळखलं, आमच्या आईच्या भांड्यांतलं आहे ते, काठावर तिचं नाव कोरलेलं. ताटात कलिया. आणि हातात, पंचाच्या फडक्यातून काढलेली, पांढरी ज्वारीची भाकरी.

मी तिथंच उभी. हंड्यावरच्या म्हाताऱ्या मालकानं विचारलं, "क्या होना आपा?"

मी स्कार्फच्या आतून विचारलं, "ते तिथं बसलेत ते नेहमी येतात?"

"वो साब? हर इतवार. लेकिन रोटी अपने घरकीच लाते. ताट बी अपना. छे महिने हो गए, नान को हात नै लगाए. मैं बोला, मियाँ, मेरी बेइज्जती कायकू करते? बोले, चच्चा, बहन को जबान दिया."

त्या माणसानं हे इतक्या सहज सांगितलं आणि वर पुन्हा हंडा ढवळायला लागला. भावानं मान वर केली. गॉगल, स्कार्फ, सगळं पार करून त्यानं मला ओळखलं. लहानपणापासून मी लपले की तो मला असाच शोधायचा.

"ये, बस," तो म्हणाला. तीन महिन्यांनंतरचा पहिला शब्द. "नान सांगू तुला?"

मी बसले. माझ्यापुढं नान आला. मी खाल्ला. काय करणार, समोर आला होता. अप्रतिम होता. एकेक घास गिळताना माझा माझ्यावरचा राग वाढत होता, आणि घास काही थांबत नव्हते.

"चुकलं," असं मी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "भाकरी कितीची आहे?"

"सकाळी सातची."

त्यानं भाकरीचा अर्धा तुकडा उचलला, त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि तो चौकोन कलियात बुडवला.

मी त्या भाकरीकडे बघत राहिले. सकाळी सातची, गार झालेली ज्वारीची भाकरी, आणि तिची हातरुमालासारखी घडी पडत होती. एक चीर नाही. आमच्या देवगावकडच्या बायकांना मी आयुष्यभर भाकरी करताना बघितलंय. गरम भाकरी वाकते. पाच तासांच्या भाकरीला अशी दुहेरी घडी घाला, कडेनं कड् करून मोडते. मोडलीच पाहिजे. ती ज्वारी आहे.

"अजून एकदा घडी घाल," मी म्हणाले.

"अक्का, तू जेव ना गप."

"घाल म्हणते ना."

त्यानं घातली. मोडली नाही. मी त्याच्या हातातून भाकरी काढून घेतली.  नान माझ्यापुढं, भाकरीही माझ्यापुढं, आणि तो रिकाम्या हातानं बसलेला, असं ते चित्र होतं.

तिथून मी आमच्या गल्लीतल्या गिरणीत गेले. भुवयांचं बोलल्यानंतर सहा महिन्यांनी पहिल्यांदा. वाटेत घरून एक फोडलेलं पाकीट घेतलं होतं. दुपारची गिरणी बंद करायची वेळ होती, गिरणीवाला झाडू मारत होता.

"जरा हे बघता का?"

त्यानं पाकिटाकडे बघितलं नाही. चिमूटभर पीठ घेतलं, बोटांत चोळलं. मग पाण्याचे दोन थेंब घालून त्याची गोळी केली आणि दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू ओढली. गोळी लांबली. दोरीसारखी नाही, पण लांबली.

"ज्वारी ताणत नाय, बाई," तो म्हणाला. "ज्वारी तुटती. ह्यात गहू हाय."

"पाकिटावर तर..."

"पाकीट मी दळत नाय." मग त्यानं पाकीट उलटं करून बघितलं. "ह्या दुकानाचं हाय व्हय? हे तर माझ्याकडंच येतं."

"काय येतं?"

"दळण. चार-पाच महिने झाले. रिक्षातनं पोती येत्यात. मालक म्हणला, गिऱ्हाइकं कटकट करत्यात, भाकरी मोडती म्हणत्यात, किलोला दोन मुठी गहू टाकत जा. मी टाकतो. लई लोकं टाकत्यात, त्यात काय नवीन नाय. तुमच्याकडं कुणी आजारी हाय का?"

मी मान हलवली. त्यानं झाडू भिंतीला लावला आणि स्वतःच पायरीवर बसला.

"मला ठाव असतं तर मी टाकला असता का?" तो म्हणाला. "तुम्ही हितं उभ्या राहून नुसतं म्हणाला असता, आजाऱ्याचं हाय, तर दगड झाडून, उपासाचं देतो तसं दिलं असतं. पण खरं सांगतो, तसल्या आजाराला माझा दगडबी नको. घरघंटी बघा एखादी. नवी. गहू न शिवलेली."

घरघंटी म्हटल्यावर मला कशाची आठवण झाली ते तुम्हाला कळलंच असेल. मनीप्लँट.

म्हणजे ज्या गिरणीला नाक मुरडून मी पुढं गेले, त्याच गिरणीतून ते पीठ रिक्षात बसून सिडकोत जायचं, तिथं हिरव्या पानाचं पाकीट घालायचं, आणि माझ्या स्कूटीवर बसून परत यायचं. निघतानाच गहू खाऊन.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना मी दारात होते. मालकानं उदबत्ती लावली. मी पाकीट काउंटरवर ठेवलं.

"ह्यात गहू आहे."

"नाही मॅडम," तो देवळातल्या आवाजात म्हणाला. "अगदी थोडा."

"थोडा म्हणजे?"

"विरीपुरता. गहू काही विष नाही, मॅडम. आपण सगळेच खातो."

"बाहेर काय छापलंय ते वाचा."

त्यानं वाचलं. जसं काही ते दुसऱ्याच कोणी छापलंय. "ही पाकिटं आधीची छापून आलेली होती. पीठ आम्ही नंतर सुधारलं. ग्राहकांच्या सूचनेवरून." असं म्हणून त्यानं खालच्या खणातून एक वही काढली. तिच्यात पेटीतल्या चिठ्ठ्या ओळीनं चिकटवलेल्या. त्यानं पान माझ्याकडे फिरवलं.

अक्षर माझं होतं. 'पिठाला विरी नाही. काहीही करा, पण भाकरी मोडता कामा नये.' खाली रेघ मारून, सहीसकट. पलीकडच्या पानावर दुसरी चिठ्ठी: 'आता उत्तम. हेच कायम ठेवावे.'

दुकानात तोवर तीन बायका आल्या होत्या. त्यातल्या दोघी माझ्याच दवंडीवर आलेल्या. मी त्यांच्यासमोर वाचलं, दोन्ही चिठ्ठ्या, मोठ्यानं. मग मालकाला माझ्या भावाच्या पट्ट्याच्या भोकांचं सांगितलं, एकेक. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. मी भावाला काय म्हणाले तेही सांगितलं, पोरांचं. तो ऐकत होता. आवाज देवळातला होता, तो गेला. साध्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं, लोक हौसेनं गहू सोडतात."

ह्या वाक्यानं मी भडकले, कारण ते खरं होतं. मीही हौसेनंच सोडला होता. माझ्या घरात पोळी बंद केली होती, दोन महिने, नवरा बाहेर सामोसे खाऊन यायचा. आमच्या हौसेच्या गर्दीत एक खरा आजारी माणूस होता, आणि तो ह्याला दिसलाच नाही. मलासुद्धा कुठं दिसला.

"काळा मार्कर आहे?" मी विचारलं.

"मॅडम, मी सगळा माल परत..."

"मार्कर."

मी स्टूल ओढून काउंटरसमोर बसले. त्यानं मांडणीवरची पाकिटं एकेक काढली आणि प्रत्येकावर, हिरव्या पानाच्या खाली, स्वतःच्या हातानं लिहिलं: यात गहू आहे. अक्षर बारीक काढायला लागला की मी म्हणायचे, "मोठं." बायका थांबल्या होत्या. एकीनं तर लिहिलेली पाकिटं नीट रचायला घेतली. मागच्या खोलीतलीही आणायला लावली. शेवटच्या पाकिटावर मार्कर सुकला, तर मी त्याला ते पेनानं गिरवायला लावलं. चिठ्ठ्यांचं पान मी वहीतून फाडून घेतलं. तेवढा हक्क माझा होता. आणि घरी येऊन ती नोटीस लिहिली.

नवऱ्यानं किल्ली संध्याकाळी दिली. नोटीस राहिली टेबलावर. त्याऐवजी मनीप्लँट खाली ठेवला, विणलेला रुमाल काढला, आणि घरघंटी रिक्षात घालून भावाकडे गेले. ज्वारी चुलतभावानं देवगावहून पाठवलेली होतीच. भावजयीनं ती निवडली, धुतलेल्या कोऱ्या डब्यात पीठ काढलं. घरघंटी स्वयंपाकघरात घरघरत होती आणि मी उंबऱ्यात बसून भावाला सगळं सांगितलं. गिरणी, गोळी, दोन मुठी, चिठ्ठ्या. फाडून आणलेलं पान त्याच्या हातात दिलं. आणि जे मला शहागंजात म्हणता आलं नव्हतं ते म्हणाले. "चुकलं रे माझं. तू खरं बोलत होतास."

त्यानं पान वाचलं. उलटं करून मागं बघितलं. तोवर भावजयीनं पहिली भाकरी तव्यावरून काढली. चार तुकडे झाले होते. तिनं ते तसेच ताटात गोल जुळवून आणले, आईच्या ताटात. भावानं एक तुकडा उचलला. घडी घालायचा प्रयत्न केला. कड् करून मोडला. ते बघून मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तो तुकडा त्यानं बोटांत फिरवून फिरवून बघितला. मला वाटलं, आता हा मला माफ करतोय. भावजयही तव्यापाशी थांबली होती. आणि मग सहा महिन्यांचे सगळे रविवार एकदम आठवल्यासारखं तो बोलून गेला, "म्हंजे अक्का, गहू मी खातच होतो, तर मग नान कशापायी सोडायला लावला?"